शिखर उंचावले, पायऱ्यांचे काय?

२४ डिसेंबर २०२५. गोव्यातील फातोर्डा क्रीडांगणावर एफसी गोवा आणि ताजिकिस्तानचा इस्तिक्लोल या संघांमध्ये आशियाई स्पर्धेतील सामना होता. पंचांची शिट्टी वाजली आणि गोव्याचे खेळाडू आरंभीचे काही क्षण जागच्या जागी स्तब्ध उभे राहिले. ना धाव, ना चढाई. पंचांविरुद्ध किंवा प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध त्यांची काहीही तक्रार नव्हती. ज्या देशाचे प्रतिनिधी म्हणून ते आशिया खंडाच्या स्पर्धेत उतरले होते, त्या देशातील सर्वोच्च लीग त्या दिवसापर्यंत सुरूच झाली नव्हती. घरची चूल थंड पडलेली आणि पाहुणा मात्र मोठ्या पंगतीत पानावर बसलेला, अशी ही अवस्था. ते काही क्षणांचे मौन भारतीय फुटबॉलविषयी पुष्कळ काही सांगून गेले.

नाशिकच्या वाचकाला फातोर्ड्याच्या या मौनाशी काय देणेघेणे, असा प्रश्न कोणी विचारील. देणेघेणे आहे, आणि ते चांगले जवळचे आहे. पावसाळा सुरू झाला की जिल्ह्याजिल्ह्यांत शालेय फुटबॉलच्या स्पर्धा सुरू होतात. १९६० साली सुरू झालेल्या सुब्रतो मुखर्जी चषकाची वाट याच मैदानांवरून जाते. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत नाशिकमधील एखाद्या शाळेचा संघ थेट दिल्लीपर्यंत पोहोचू शकतो. म्हणजे सतरा वर्षांच्या आतील मुलासाठी जिना उभा आहे. प्रश्न अठराव्या वर्षी सुरू होतो. शाळा सुटते आणि जिनाही संपतो. पंधरा लाखांच्या आसपास वस्तीच्या या शहरात देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळणारा एकही क्लब नाही. मग आशियाच्या स्पर्धेची पुनर्रचना झाली काय आणि न झाली काय, त्या मुलाला तिचा अर्थ काय?

हा प्रश्न मनात ठेवूनच आशियाई क्लब फुटबॉलमधील सुधारणांकडे पाहणे अगत्याचे आहे.

सुधारणा नेमकी कोणती?

आशियातील विजेत्या क्लबांची पहिली स्पर्धा १९६७ साली झाली. मध्यंतरी ती दीर्घकाळ खंडित झाली, पुन्हा सुरू झाली, आणि २००२-०३ च्या हंगामापासून तिला ‘एएफसी चॅम्पियन्स लीग’ हे नाव मिळाले. त्यापाठोपाठ २००४ मध्ये फुटबॉलदृष्ट्या मधल्या फळीतील देशांसाठी ‘एएफसी कप’ सुरू झाला. भारतीय क्लबांची खरी कसोटी बरीच वर्षे या दुसऱ्या स्पर्धेतच लागत होती. २०२१ मध्ये मुख्य स्पर्धेतील संघांची संख्या ४० करण्यात आली आणि भारताच्या वाट्याला प्रथमच तिच्या गटसाखळीतील थेट प्रवेश आला.

हे दार फार काळ उघडे राहिले नाही. २०२४-२५ च्या हंगामापासून आशियाई महासंघाने सारी रचनाच बदलली. वर ‘चॅम्पियन्स लीग एलिट’, मध्ये ‘चॅम्पियन्स लीग टू’ आणि तळाशी ‘चॅलेंज लीग’ असे तीन मजले उभे राहिले. पहिल्या हंगामात एलिटमध्ये पश्चिमेचे १२ आणि पूर्वेचे १२ असे अवघे २४ संघ होते. विजेत्याचे बक्षीस पूर्वी ४० लाख डॉलर होते, ते सुमारे १ कोटी २० लाख डॉलरवर, म्हणजे जवळजवळ शंभर कोटी रुपयांवर गेले. दुसऱ्या मजल्यावरील विजेत्याला मिळणारी रक्कम २५ लाख डॉलर. चाळिसाचे चोवीस होताना जे गळाले त्यांत भारत होता. देशाच्या लीगमध्ये अव्वल आलेला मोहन बागान त्या हंगामात दुसऱ्या मजल्यावर बसला.

याला अन्याय म्हणावे काय? भावनेच्या भरात तसे म्हणणे सोपे आहे. पण वस्तुस्थिती तसे म्हणू देत नाही. आशियाई महासंघ प्रत्येक देशाच्या क्लबांची आधीच्या हंगामांतील कामगिरी मोजतो आणि त्या गुणांवर जागा वाटतो. ज्यांचे गुण कमी, त्यांना खालचा मजला. शिवाय मजल्यामजल्यांमध्ये जिना ठेवलेला आहे. दुसऱ्या स्पर्धेचा विजेता पुढील हंगामात पहिल्या स्पर्धेचे दार ठोठावू शकतो, तिसऱ्या स्पर्धेचा विजेता दुसऱ्या स्पर्धेत जातो. २०२४-२५ मध्ये चॅलेंज लीग जिंकणारा तुर्कमेनिस्तानचा अर्कादाग हा क्लब स्थापन झाला तो २०२३ साली. दोन वर्षांच्या या क्लबने उपांत्यपूर्व फेरीत हरवले कोणाला? शतकाहून जुन्या आपल्या ईस्ट बंगालला. इतिहासाची पुण्याई मैदानात गोल करीत नाही, हा त्यातील धडा.

गुणवत्तेच्या नावाखाली धनसत्ता

तथापि या सुधारणेची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. आशियाई स्पर्धांत परदेशी खेळाडूंच्या संख्येवर पूर्वी मर्यादा होती. आरंभी तीन परदेशी आणि एक आशियाई, पुढे पाच आणि एक. २०२४-२५ पासून ती मर्यादा उठवण्यात आली. याचा अर्थ असा की, एखाद्या देशाचा क्लब त्या देशाचा एकही खेळाडू न खेळवता आशियाचा विजेता होऊ शकतो. ज्याच्या तिजोरीत तेल आहे, त्याच्या संघात युरोप आणि दक्षिण अमेरिकेतील खेळाडू असणार. जून २०२३ मध्ये सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने अल हिलाल, अल नासर, अल इत्तिहाद आणि अल अहली या चार क्लबांचे प्रत्येकी ७५ टक्के भाग आपल्याकडे घेतले. राज्यसत्तेची तिजोरीच मैदानात उतरल्यावर स्पर्धा कोणाशी करायची?

दुसरी गोष्ट सामन्यांच्या ठिकाणाची. २०२४-२५ मध्ये एलिटचे उपांत्यपूर्व फेरीपासूनचे सर्व सामने सौदी अरेबियातील जेद्दाह या एकाच शहरात खेळवण्यात आले. उपांत्य फेरीत पोहोचलेल्या चार संघांपैकी तीन सौदी अरेबियाचे होते; चौथा जपानचा कावासाकी. जेद्दाहच्याच अल अहलीने अंतिम सामना २-० असा जिंकला. दक्षिण कोरियातील ग्वांगजू हा नागरिकांच्या मालकीचा, बेताच्या साधनांचा क्लब मोठ्या जिद्दीने अखेरच्या आठांत आला होता. त्याला अल हिलालने ७-० असे हरवले. ग्वांगजूच्या नागरिकांना आपला संघ आपल्या मैदानावर खेळताना पाहण्याची संधीच या फेरीत नव्हती. घरचा आणि पाहुण्यांच्या घरचा असे दोन सामने व्हावेत ही क्लब फुटबॉलची जुनी रीत. त्यात दुबळ्याला निदान आपल्या अंगणात लढता येते. ती रीत मोडून जो सोहळा उभा राहिला, त्यात यजमानच नवरदेव ठरला.

युरोपातील एक प्रसंग येथे आठवण्याजोगा आहे. १८ एप्रिल २०२१ रोजी इंग्लंड, स्पेन आणि इटली येथील बारा धनाढ्य क्लबांनी ‘सुपर लीग’ नावाची स्वतंत्र स्पर्धा जाहीर केली. संस्थापक क्लबांना त्या स्पर्धेत कायमचे स्थान मिळणार होते. हरले तरी त्यांची जागा पक्की! पण इंग्लंडमधील सामान्य प्रेक्षक रस्त्यावर उतरला. आपल्या क्लबची जागा मैदानावर मिळवलेली असावी, विकत घेतलेली नसावी, एवढेच त्याचे म्हणणे होते. अठ्ठेचाळीस तासांच्या आत इंग्लंडच्या सहाही क्लबांनी माघार घेतली. धनिकांची मिरासदारी प्रेक्षकांच्या अभिमानापुढे वाकली.

आणि त्याच युरोपात खुल्या जिन्याचे सामर्थ्यही दिसले. नॉर्वेच्या उत्तर टोकाकडे, ध्रुववृत्ताच्या आत, बोडो नावाचे गाव आहे. वस्ती पन्नास हजारांच्या घरात, म्हणजे नाशिकच्या एखाद्या उपनगराएवढी. या गावचा बोडो-ग्लिम्ट हा क्लब आपल्या देशाच्या खालच्या श्रेणीतून वर आला आणि २०२५ मध्ये युरोपा लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. वर्षातील कित्येक महिने जिथे बर्फ असते, त्या गावाला हे जमले, कारण त्याच्या दारापासून शिखरापर्यंत एकही पायरी गहाळ नव्हती.

आपण कोठे होतो, कोठे आहोत?

भारतीय क्लबांच्या अंगी कर्तृत्व नाही असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. १९११ साली मोहन बागानच्या खेळाडूंनी, ज्यांतील बहुतेक अनवाणी होते, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या सैनिकांना २-१ असे नमवून आयएफए शील्ड जिंकली. वंगभंगाच्या चळवळीने पेटलेल्या त्या काळात या विजयाचा अर्थ खेळापुरता उरला नाही. फुटबॉल हा आपल्या मातीतला खेळ नव्हे, कबड्डी-खोखोला मागे टाकून त्याचे कौतुक कशाला, असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास आठवावा. कबड्डी आणि खो-खो वाढलेच पाहिजेत; पण परक्याने आणलेला खेळ परक्यालाच हरवण्यासाठी वापरणे हीदेखील याच मातीची रीत आहे.

पुढेही आशियाच्या पातळीवर क्षण आले. २००३ मध्ये ईस्ट बंगालने जकार्ता येथे आसियान क्लब अजिंक्यपद पटकावले. २००८ मध्ये गोव्याच्या धेंपो क्लबने, तर २०१३ मध्ये ईस्ट बंगालने एएफसी कपच्या उपांत्य फेरीत धडक मारली. २०१६ मध्ये बंगळुरू एफसी अंतिम सामन्यात पोहोचला आणि दोहा येथे इराकच्या हवाई दलाच्या क्लबकडून एकमेव गोलने हरला.

त्या पराभवाची परतफेड एका मराठी खेळाडूच्या डोक्याने झाली, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाध येथे मुंबई सिटी एफसीने इराकच्या त्याच हवाई दलाच्या क्लबला २-१ असे हरवले. विजयी गोल मुंबईच्या राहुल भेके याने हेडरने केला. ‘एएफसी चॅम्पियन्स लीग’च्या गटसाखळीतील भारतीय क्लबचा तो पहिला विजय होता. मुंबईने त्या गटात ७ गुण मिळवून दुसरे स्थान घेतले. एखाद्या क्रिकेटपटूने एवढे केले असते तर चौकाचौकांत फलक लागले असते. भेकेच्या वाट्याला ते आले नाही. पण गटसाखळीत आपला माणूस उभा राहू शकतो हे त्याने सिद्ध केले.

पण पुढच्याच खेपेला काय झाले? २०२३-२४ मध्ये मुंबई सिटी आपल्या गटातील सहाही सामने हरली. अल हिलालने रियाधमध्ये सहा आणि आपल्या भूमीवर दोन गोल केले. ‘आपल्या भूमीवर’ म्हणजे मुंबई शहरात नव्हे, नवी मुंबईत. देशाच्या आर्थिक राजधानीतील क्लबला आशियाई निकषांत बसणारे घरचे मैदान आपल्या शहरात मिळाले नाही आणि घरच्या इतर सामन्यांसाठी पुण्यातील बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलाचा आश्रय घ्यावा लागला. ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्याने अल नासरला फातोर्ड्यात चांगले झुंजवले. गोव्याच्याच ब्रायसन फर्नांडिसने गोल केला, पराभव १-२ असा निसटता राहिला. मात्र रियाधच्या परतीच्या सामन्यात अल नासरने चार गोल केले. चमक आहे, सातत्य नाही. आणि सातत्य हे खेळाडूच्या पायात नसते. ते व्यवस्थेत असते.

त्या व्यवस्थेची कहाणी अशी. डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने पंधरा वर्षांसाठी, ७०० कोटी रुपयांना आपले व्यावसायिक हक्क खाजगी भागीदाराकडे सोपवले. त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग जन्मली. रोषणाई आली, चांगले प्रक्षेपण आले, खेळाडूंचे मानधन वाढले, हे मान्य केले पाहिजे. परंतु ही लीग बंदिस्त होती. पैसे भरून आत आलेल्या संघाला हरल्यामुळे बाहेर जाण्याचे भय नव्हते आणि खालच्या लीगमधील संघाला जिंकून वर येण्याची आशा नव्हती. युरोपातील प्रेक्षकांनी जी कल्पना दोन दिवसांत गाडली, ती आपण दहा वर्षे दिवाणखान्यात मांडून ठेवली! २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तीन जुन्या क्लबांनी याच कारणावरून राष्ट्रीय लीगकडे पाठ फिरवली. पुढे आशियाई महासंघाच्याच दडपणाने २०१९ मध्ये बढतीचा आराखडा ठरला आणि २०२३ पासून आय-लीगचा विजेता वर येऊ लागला. म्हणजे खंडाच्या सुधारणेने आपल्या घरातील एक खिडकी तरी उघडली.

८ डिसेंबर २०२५ रोजी हक्कांचा तो करार संपला. त्याआधी जुलैमध्येच लीग स्थगित झाली होती. नव्या भागीदारासाठी निविदा काढल्या, तर एकही बोली आली नाही. सर्वोच्च न्यायालय, केंद्र सरकार, महासंघ आणि क्लब यांच्या वाटाघाटींनंतर १४ फेब्रुवारी २०२६ पासून १४ संघांची लीग घेण्याचे ठरले. प्रत्येक संघाला सामने अवघे १३. आशियाई स्पर्धेच्या प्रवेशासाठी क्लबने हंगामात किमान २४ सामने खेळलेले असावेत असा दंडक आहे. चोवीस आणि तेरा यांतील अंतर भाषणांनी भरून निघत नाही.

महाराष्ट्राचा मोडलेला जिना

दोष केवळ दिल्लीला देऊन महाराष्ट्राची सुटका नाही. १८९१ साली मुंबईत सुरू झालेला रोव्हर्स चषक ही देशातील अत्यंत जुन्या स्पर्धांपैकी एक. एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ती बंद पडली. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली, २००७ मध्ये एएफसी कपची उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि २०१० मध्ये संघ बंद झाला. पुण्याचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. पुणे एफसी २००७ मध्ये आला, २०१५ मध्ये गेला. भारत एफसी एकाच हंगामाचा धनी ठरला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये राष्ट्रीय लीगबाहेर पडला. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आला, २०१९ मध्ये मिटला. बारा वर्षांत एका शहराने चार क्लब पाहिले आणि चारही गमावले. यांपैकी कोणाच्याही चालकांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण मालकाचा उत्साह संपला की संघ संपतो, याचा अर्थ तो संघ शहराचा कधी झालाच नव्हता.

याच्या नेमके उलट चित्र कोल्हापुरात दिसते. तेथे फुटबॉल संस्थानकाळापासून पेठांत आणि तालमींत रुजला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ ही नावे तेथील माणूस आपल्या आडनावासारखी सांगतो. शाहू स्टेडियमवरील गर्दी जमवावी लागत नाही, ती येते. या प्रेमाला कधीकधी हुल्लडबाजीचे गालबोट लागते, हेही खरे. पण प्रेम आहे म्हणूनच ते लागते. या मातीतून आलेला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. मात्र त्याला घडण्यासाठी कोल्हापूर सोडावे लागले, कारण तालमीच्या संघापासून राष्ट्रीय लीगपर्यंत जाणारी वाट कोणी बांधलीच नाही. कोल्हापुरात मूळ आहे, जिना नाही. पुण्यात जिना उभारला, पण त्याखाली मूळ नव्हते. नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर येथे दोन्ही उभे करायचे आहे.

जपानने काय केले?

हे अशक्य आहे काय? जपानकडे पाहावे. १९९० पर्यंत जपानी फुटबॉल म्हणजे कारखान्यांचे संघ होते, आपल्या मुंबईतील संघांसारखेच. १९९३ मध्ये जे-लीग सुरू करताना एक साधी पण कठोर अट घालण्यात आली. संघाने कंपनीचे नाव सोडावे आणि आपल्या गावाचे नाव धारण करावे. गावाने मैदान द्यावे, संघाने गावातील मुले घडवावीत. मित्सुबिशी कंपनीचा संघ उरावा गावाचा झाला आणि पुढे तीन वेळा आशियाचा विजेता ठरला. दहा संघांनी सुरू झालेल्या त्या लीगमध्ये आज तीन श्रेणींत मिळून साठ क्लब आहेत. शंभर वर्षांचा संकल्प सोडून तो देश कामाला लागला. आणि जपानच कशाला? उझबेकिस्तान आणि जॉर्डन हे आपल्यापेक्षा कितीतरी लहान देश २०२५ मध्ये प्रथमच विश्वचषकासाठी पात्र ठरले. हे तेलाच्या पैशाने झालेले नाही. हे वयोगटांच्या संघांवर वर्षानुवर्षे केलेल्या कामाने झाले आहे.

तेव्हा भारताने आशियाई महासंघाकडे काय मागावे आणि स्वतःकडून काय मागावे, याचा निवाडा व्हायला हवा. महासंघाकडे ताठ मानेने तीन गोष्टी मागाव्यात. प्रत्येक क्लबच्या मैदानावरील अकरांत त्या देशात घडलेल्या खेळाडूंची किमान संख्या सक्तीची असावी. अखेरच्या फेऱ्या एकाच धनाढ्य यजमानाच्या दारात न होता दोन्ही संघांच्या घरी, किंवा निदान आळीपाळीने वेगवेगळ्या देशांत व्हाव्यात. आणि वरच्या स्पर्धेच्या बक्षिसातील ठराविक वाटा खालच्या दोन स्पर्धांतील क्लबांच्या बाल-किशोर संघांसाठी राखून ठेवावा. यात दयेची याचना नाही. आशिया खंड म्हणजे चार-सहा राजधान्या नव्हेत, एवढेच यातून सांगायचे आहे. लोकसंख्येच्या बळावर एलिटमधील राखीव जागा मात्र भारताने कदापि मागू नये. मागून मिळालेल्या पानावर बसणाऱ्याला वाढपीही ओळखत नाही.

स्वतःकडून मागायच्या गोष्टी अधिक कठीण आहेत. सर्वोच्च लीगमधून खाली जाण्याची तरतूद कागदावर न राहता अमलात यावी. क्लबांना वर्षाला चोवीस सामने मिळतील असा हंगाम हवा. महाराष्ट्रात जिल्हा लीग, विभागीय लीग आणि राज्य लीग यांची सलग उतरंड असावी, ज्यात नाशिकच्या संघाला जिंकत जिंकत मुंबईपर्यंत आणि पुढे देशापर्यंत जाता येईल. महापालिकांनी मैदाने भाड्याच्या मंडपांतून सोडवून खेळासाठी राखावीत. आणि क्लब एका मालकाच्या खिशावर नव्हे, तर शहरातील शेकडो सभासदांच्या वर्गणीवर उभा असावा. सहकारी पतपेढ्या, वाचनालये, व्यायामशाळा आणि शिक्षणसंस्था ज्या महाराष्ट्राने वर्गणीवर चालवून दाखवल्या, त्याला एक फुटबॉल क्लब चालवता येऊ नये हे पटण्यासारखे नाही.

क्रिकेटचा दाखला हाताशीच आहे. नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजी सामना होतो, जानेवारी २०२५ मध्येही झाला, तेव्हा कुंपणालगत उभ्या असलेल्या मुलाला आपली वाट डोळ्यांना दिसते. शहर, जिल्हा, राज्य, देश. तो पोहोचेल वा न पोहोचेल, पण वाट आहे. त्याच वयाच्या फुटबॉलवेड्या मुलाला अशी वाट दिसत नाही. मग तो रात्री जागून परक्या देशातील क्लबचे सामने पाहतो, त्यांच्या रंगाची बंडी घालतो आणि आपल्या शहराच्या नावाने जल्लोष करण्याचे सुख त्याला कधीच ठाऊक होत नाही. यात दोष त्या मुलाचा नाही.

सहाव्या वर्षी चेंडूला पाय लावणारे मूल अठराव्या वर्षी खेळाडू म्हणून उभे राहते. मधली वर्षे बारा. आपल्या भाषेत एक तप. बारा वर्षांच्या चक्राचा हिशेब ठेवणे गोदाकाठच्या या नगरीला कोणी शिकवायला नको. एका सिंहस्थाची पर्वणी आटोपते तोच पुढच्या सिंहस्थाचा विचार येथे सुरू होतो. २०२७ च्या सिंहस्थात जे मूल आईचे बोट धरून रामकुंडावर येईल, ते त्यापुढील सिंहस्थापर्यंत मोठे झालेले असेल. तोवर आशियाच्या स्पर्धेचे नाव पुन्हा बदललेले असेल, मजले वाढलेले किंवा घटलेले असतील. त्या बदलांवर नाशिकची सत्ता नाही. पण त्या मुलाला शाळेनंतरची पहिली पायरी आपल्या शहरात सापडावी, हे मात्र सर्वस्वी नाशिकच्या हाती आहे.